आठवा रकाना

चार माणसांनीं घाटांत एका वाटसराला गांठलें, धाक दाखविला आणि त्याच्या कनवटीचे पैसे काढून घेतले. कायद्याच्या भाषेंत ही जबरीची चोरी झाली. आतां अशी कल्पना करावी कीं, त्याच वेळीं झुडपाआडून त्यांचा पांचवा साथीदार पुढें आला आणि त्यानेंहि या कामाला हात लावला. धाक तोच, वाटसरू तोच, पैसेहि तेवढेच. परंतु माणसें पांच झालीं आणि जबरीच्या चोरीचा दरोडा झाला. पहिला खटला पहिल्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटपुढें चालतो. दुसरा सेशन्स कोर्टाखेरीज कोठेंहि चालूं शकत नाहीं. जबरीच्या चोरीला कायद्यानें दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली असली तरी मॅजिस्ट्रेटच्या हातीं तीनच वर्षें आहेत; अधिक शिक्षा योग्य वाटल्यास त्याला कागद वरच्या मॅजिस्ट्रेटकडे धाडावे लागतात. सेशन्स जज्जाला अशी अडचण नाहीं. त्याचा हात जन्मठेपेपर्यंत आणि, हायकोर्टानें कायम केल्यास, फांशीपर्यंतहि पोहोंचतो.

हा फरक कोठें लिहिलेला असतो, असें विचारल्यास वकिलाचा जुना कारकूनहि फौजदारी कामकाजाच्या कायद्याचें पुस्तक शेवटाकडून उघडील. तेथें एक लांबलचक कोष्टक आहे. सन १८९८ च्या कायद्यांत त्याचे आठ रकाने होते. पहिल्यांत पिनल कोडाचें कलम, दुसऱ्यांत अपराध. पुढें पोलिसाला वॉरंटावांचून पकडतां येईल कीं नाहीं, आरोपीवर आरंभीं समन्स काढावयाचें कीं वॉरंट, जामीन हक्कानें मिळेल कीं नाहीं, उभयतांना आपसांत तडजोड करतां येईल कीं नाहीं, शिक्षा किती. आणि आठव्यांत, अगदीं कडेला, खटला कोणत्या कोर्टानें चालवावयाचा. सन १९७३ च्या कायद्यांत हे रकाने सहा झाले आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंतहि ते सहाच आहेत. कलमांचे आंकडे बदलले, खुनाचें ३०२ होतें त्याचें १०३ झालें. परंतु कोर्टाचा रकाना होता तसाच शेवटीं राहिला.

पाहणाराला ही केवळ कारकुनी वाटते. वस्तुतः आरोपीचें अर्धें नशीब या रकान्यांत असतें. त्याचा न्याय कोण करणार, एकटा करणार कीं कोणाच्या सहाय्यानें, तो अधिकारी सरकारचा वसुली कामगार आहे कीं निर्भेळ न्यायाधीश, आणि निकाल विरुद्ध गेल्यास दाद कोठें मागावयाची, या साऱ्या गोष्टी त्या एका ओळीनें ठरतात. म्हणूनच या देशांत गेल्या दोनशे वर्षांत जे मोठे न्यायविषयक वाद झाले त्यांतील बरेचसे अपराध कोणता यावर झाले नसून तो कोणापुढें चालवावा यावर झाले आहेत.

अपराधाची प्रत पाहून न्यायासन ठरविण्याची कल्पना इंग्रजांनीं आणलेली नव्हे. स्मृतिकारांना ती चांगली माहीत होती. मनूनें दंडाचे तीन टप्पे सांगितले आहेत : प्रथम साहस अडीचशें पणांचा, मध्यम पांचशांचा आणि उत्तम हजारांचा. याज्ञवल्क्यानें कुल, श्रेणी, पूग आणि राजानें नेमलेले अधिकारी अशी न्यायसभांची चढती पायरी लावून दिली, आणि बृहस्पतीनें कुलें व श्रेणी यांना लोकांचे तंटे तोडण्याचा अधिकार देतांना साहसाचे, म्हणजे बळजोरीचे, अपराध त्यांतून वगळले. घरच्या मंडळींनीं वांटणीचा वाद मिटवावा, डोकें फुटल्याचा मिटवूं नये, हा त्यांतील व्यवहार.

पेशवाईंत ही पायरी होती, पण तिच्या कडा पुसट होत्या. एल्फिन्स्टननें पेशव्यांचा मुलूख हातीं आल्यावर १८१९ सालीं जो अहवाल लिहिला त्यांत या व्यवस्थेचें वर्णन आहे. पाटलानें थोडाबहुत मार द्यावा, किरकोळ दंड करावा, दोनतीन दिवस चावडींत बसवून ठेवावें. त्याच्यावर मामलेदार, त्याच्यावर सरसुभेदार आणि शेवटीं हुजूर. देहान्त शिक्षेचा अधिकार पूर्वीं मोठमोठ्या सरदारांपुरता व सरसुभेदारांपुरता असे, तो पुढें पुढें मामलेदारांच्याहि हातीं आला. रामोशी, भिल्ल किंवा मांग यांच्यापैकीं कोणी दरोड्यांत सांपडला तर त्याला वर न विचारतां फांशीं द्यावें, असा प्रघात पडला. वजनदार असामीची गोष्ट निराळी. तिचें प्रकरण हुजुरांत जाई. म्हणजे न्यायासन ठरतांना अपराधाबरोबर अपराध्याची जातहि पाहिली जात होती. पुढें जे घडलें तें पाहतां, या दोषाबद्दल पेशवाईला एकटीलाच बोल लावण्यांत अर्थ नाहीं.

एल्फिन्स्टनच्याच कारकीर्दींत, सन १८२७ मध्यें, मुंबई इलाख्याचे रेग्युलेशन तयार झाले. त्यांतील चौदाव्या रेग्युलेशनांत अपराध व शिक्षा यांची व्यवस्थित मांडणी आहे. इतर इलाख्यांत तोंवर इतकें आटोपशीर कांहींच नव्हतें. पण ही व्यवस्था मुंबई बेटाबाहेरची. बेटावर राजाच्या सनदेनें स्थापलेलें सुप्रीम कोर्ट होतें आणि तेथें विलायतेचा कायदा चाले. एकाच इलाख्यांत दोन कायदे व दोन प्रकारचीं कोर्टें, ही स्थिति पिनल कोड, १८६१ चा फौजदारी कामकाजाचा कायदा आणि १८६२ चें हायकोर्ट येईपर्यंत टिकली. पिनल कोडाचा पहिला मसुदा मेकॉलेच्या कमिशननें १८३७ मध्येंच पुरा केला होता. कायदा व्हावयास १८६० साल उजाडलें आणि अंमल १८६२ पासून सुरू झाला. कामकाजाचा कायदा मात्र पुन्हा पुन्हा फिरला. १८६१ नंतर १८७२, मग १८८२, मग १८९८.

या कायद्यांनीं मॅजिस्ट्रेटांचे वर्ग पाडले व प्रत्येकाच्या हाताची लांबी मोजून दिली. १८९८ च्या कायद्याप्रमाणें तिसऱ्या वर्गाला एक महिना कैद व पन्नास रुपये दंड, दुसऱ्याला सहा महिने व दोनशें रुपये, पहिल्या वर्गाला आणि प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटला दोन वर्षें व हजार रुपये. त्यावरचें काम सेशन्स कोर्टाचें. मनूचे तीन टप्पे नव्या वेषांत परत आले असें कोणाला वाटल्यास तें अगदींच वावगें नाहीं.

एवढी रेखीव मांडणी केल्यावर शेवटच्या रकान्यांत केवळ अपराध पाहून कोर्ट ठरावयास हवें होतें. पण आरोपी गोरा असला कीं सारें कोष्टक बाजूला राही. इलाख्याच्या मुख्य शहरांबाहेर युरोपियन ब्रिटिश प्रजाजनाचा खटला चालविण्यास मॅजिस्ट्रेट स्वतः गोराच असावा लागे. आणि असा मॅजिस्ट्रेट असला तरी तो तीन महिन्यांपलीकडे जाऊं शकत नसे. जबर गुन्ह्यासाठीं आरोपीला हायकोर्टापुढें न्यावें लागे. मळ्यावरच्या मजुराला साहेबाची लाथ लागून तो मेला, तर मजुराच्या बायकोनें व साक्षीदारांनीं शेंकडों मैलांवरच्या शहरीं जाऊन परक्या भाषेच्या कोर्टांत उभें राहावें, असा याचा अर्थ. कितीशीं माणसें जात असतील याचा अंदाज कोणालाहि करतां येईल.

बंगालच्या सिव्हिल सर्व्हिसांतील बिहारीलाल गुप्त यांनीं १८८२ मध्यें यांतील विसंगति एका टिपणांत सरकारपुढें मांडली. कलकत्त्यास प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटच्या जागीं असतांना त्यांना युरोपियनांचे खटले चालवितां येत. बढती मिळून जिल्ह्यावर गेलें कीं तोच अधिकार नाहींसा होई. अधिकारी चढला म्हणजे त्याचा अधिकार उतरतो, हें गणित लॉर्ड रिपन यांनाहि पटण्यासारखें नव्हतें. १८८३ च्या फेब्रुवारींत कायदेमंत्री इल्बर्ट यांनीं बिल आणलें. त्यावर अँग्लो-इंडियन समाजानें जो गहजब केला तो प्रसिद्धच आहे. मुंबईस त्या एप्रिलांत टाऊन हॉलांत बिलाच्या बाजूनें सभा भरली व तींत तेलंग, फेरोजशहा मेहता आणि बद्रुद्दीन तैयबजी हे बोलले. सभा मोठी, भाषणें संयमाचीं. परंतु सरकार नमलें तें दुसऱ्या बाजूच्या आरडाओरड्याला. १८८४ च्या कायद्यानें हिंदी जिल्हा मॅजिस्ट्रेटला व सेशन्स जज्जाला अधिकार दिला, आणि त्याबरोबर गोऱ्या आरोपीला असा हक्क दिला कीं, निदान निम्मे युरोपियन किंवा अमेरिकन असलेली जूरी त्यानें मागावी. हिंदी आरोपीला जिल्हा मॅजिस्ट्रेटपुढें जूरी मागण्याचा हक्कच नव्हता. हा भेद १९२३ मध्यें बराच कमी झाला आणि पुरता नाहींसा झाला तो स्वराज्यांत, १९४९ सालच्या कायद्यानें.

रंगाप्रमाणेंच प्रांतहि आड येई. १८९८ च्या कायद्याचें तिसावें कलम नागपूरकरांना चांगलें परिचयाचें होतें. पंजाब, अयोध्या, आसाम, मध्यप्रांत अशा मुलखांत सरकारनें जिल्हा मॅजिस्ट्रेटला किंवा पहिल्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटला विशेष अधिकार दिला कीं त्यानें फांशीच्या शिक्षेचे अपराध वगळून बाकी कोणताहि अपराध चालवावा आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा ठोठवावी. म्हणजे पुण्यास जो खटला सेशन्स जज्ज जूरी किंवा असेसर यांच्यासह चालवी, तोच नागपुरास एकटा डेप्युटी कमिशनर आपल्या कचेरींत निकालांत काढूं शके. हाच गृहस्थ जिल्ह्याचा वसूल करी व पोलिसांवर देखरेख ठेवी. पुणें आणि नागपूर यांमध्यें पिनल कोडाच्या एका अक्षराचाहि फरक नव्हता. फरक होता तो आठव्या रकान्यांत.

राजद्रोहाच्या खटल्यांत या रकान्याची किंमत महाराष्ट्राला पुरेपूर कळली. १८९७ सालीं टिळकांना १२४ अ कलमाखालीं पकडलें, तेव्हां अपराध बिनजामिनाचा असल्यामुळें मॅजिस्ट्रेटनें जामीन नाकारला. तो शेवटीं हायकोर्टांत मिळाला आणि देणारे न्यायमूर्ति होते तेच टाऊन हॉलांत बोललेले तैयबजी. खटला हायकोर्टांत जस्टिस स्ट्रॅची व नऊ जणांची जूरी यांच्यापुढें चालला. जूरींत सहा युरोपियन आणि तीन हिंदी. सहांनीं दोषी म्हटलें, तिघांनीं निर्दोषी. नवांपैकीं सहांचें मत जज्जाला मान्य झालें कीं काम भागे. आणि तें भागलें. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. १९०८ च्या खटल्यांत सात युरोपियन व दोन पारशी होते, मतेंहि सातास दोन पडलीं आणि जस्टिस दावर यांनीं सहा वर्षांचें काळें पाणी सांगितलें. मराठी पत्रांतील लेखांवरून राजद्रोह ठरवावयाचा होता आणि जूरीच्या बहुमताला तो भाषांतरावरून ठरवावा लागला. तरीहि जूरी होती एवढी गोष्ट खरी. विरुद्ध पडलेलीं तीन व दोन मतें तिच्यामुळेंच इतिहासांत नोंदलीं गेलीं.

सरकारला तीहि नकोशी झालीं असावींत. पहिल्या खटल्याच्या पुढच्याच सालीं, १८९८ च्या कायद्यांत, १०८ हें नवें कलम आलें. राजद्रोही मजकूर पसरविणाऱ्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घ्यावा, असें तें कलम. यांत अपराध शाबीत करावयाचा नाहीं, म्हणून जूरी नाहीं. काम जिल्हा मॅजिस्ट्रेटपुढें. १९१६ मध्यें बेळगांव व नगर येथील स्वराज्यावरच्या भाषणांसाठीं टिळकांवर हेंच कलम लावण्यांत आलें. नोटीस त्यांच्या साठाव्या वाढदिवशीं बजावली गेली. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटनें वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीन मागितले. टिळकांच्या बाजूनें बॅरिस्टर जीना उभे होते. हायकोर्टाच्या दोघां न्यायमूर्तींनीं ९ नोव्हेंबर १९१६ रोजीं तो हुकूम रद्द केला.

याहून उघड मार्ग १९०८ च्या अखेरीस निघाला होता. त्या सालच्या फौजदारी कायदा दुरुस्तीनें कांहीं अपराध हायकोर्टाच्या तीन जज्जांच्या खास पीठापुढें, जूरीवांचून, चालविण्याची सोय केली. नाशिकच्या जॅक्सन खुनाचे व कटाचे खटले असेच चालले. अनंत कान्हेरे यांना फांशीं आणि विनायक दामोदर सावरकर यांना जन्मठेप झाली ती या पीठाकडून. पीठावर सर बेसिल स्कॉट व हीटन यांच्याबरोबर नारायण गणेश चंदावरकर होते. आरोपींना त्या निकालावर अपील नव्हतें. अपराध पिनल कोडांतले जुनेच. कोर्ट तेवढें नवें होतें.

राजकारणापलीकडे सामान्य माणसाची तक्रार निराळी होती आणि ती कचेरीच्या पायरीवर सुरू होई. मामलेदार हा दुसऱ्या वर्गाचा मॅजिस्ट्रेट, प्रांतसाहेब पहिल्या वर्गाचा, कलेक्टर जिल्हा मॅजिस्ट्रेट. सकाळीं शेतसारा थकविला म्हणून ज्यानें खडसावलें, दुपारीं त्याच्याचपुढें मारामारीच्या खटल्यांत आरोपी म्हणून उभें राहावयाचें. साहेब फिरतीवर निघाला कीं पक्षकार, साक्षीदार आणि वकील त्याच्या मुक्कामामागून गांवोगांव. काँग्रेसनें १८८६ च्या कलकत्त्याच्या बैठकींतच अंमलबजावणी आणि न्याय हीं खातीं वेगळीं करण्याचा ठराव केला. प्रत्येक सरकारनें तत्त्व मान्य केलें आणि खर्चाची सबब सांगितली. मुंबई राज्यानें यासाठीं १९५१ मध्यें कायदा केला. सबंध देशाला लागू अशी व्यवस्था १९७३ च्या कायद्यानें, म्हणजे १ एप्रिल १९७४ पासून, झाली. ठरावापासून अठ्ठ्याऐंशीं वर्षें. त्याच कायद्यानें तिसऱ्या वर्गाचा मॅजिस्ट्रेट निकालांत निघाला.

असेसर आणि जूरी यांची गोष्ट थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. असेसरांचें मत जज्जावर बंधनकारक नव्हतें, त्यामुळें ते बहुधा शोभेपुरतेच असत. १९५५ च्या दुरुस्तीनें ते गेले. जूरीचा शेवट मुंबईच्या नानावटी खटल्यानें लोकांच्या ध्यानांत राहिला. १९५९ मध्यें आठास एक अशा मतांनीं तिनें आरोपीला निर्दोषी ठरविलें, जज्जानें तें मत अमान्य करून कागद हायकोर्टाकडे पाठविले, हायकोर्टानें जन्मठेप दिली आणि १९६१ च्या नोव्हेंबरांत सुप्रीम कोर्टानें ती कायम केली. जूरी त्या एका खटल्यानें गेली असें सांगण्याची पद्धत आहे. वास्तविक ती प्रांतोप्रांतीं आधींपासूनच आटत चालली होती आणि १९७३ च्या कायद्यानें तिला जागाच ठेविली नाहीं.

जूरी गेली, परंतु हा रकाना कोणी लिहावयाचा हा मूळ प्रश्न स्वराज्यांतहि सुटलेला नव्हता. प्रजासत्ताक होऊन पुरतीं दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं तोंच तो सुप्रीम कोर्टापुढें आला. पश्चिम बंगालनें १९५० मध्यें खास कोर्टांचा कायदा केला होता. सरकार ज्यांकडे बोट दाखवील ते अपराध, अपराधांचे वर्ग किंवा ‘खटले’ या कोर्टांनीं चालवावेत, असें त्यांत होतें. सगळी ग्यानबाची मेख ‘खटले’ या शब्दांत. दोघांनीं एकच अपराध केला असतां एकाला सरळ सेशन्सकडे आणि दुसऱ्याला संक्षिप्त रीतीच्या खास कोर्टाकडे पाठविण्याची मोकळीक त्या एका शब्दानें मंत्र्यांना मिळत होती. डमडम येथील कारखान्यावरील हल्ल्याच्या प्रकरणांत अन्वर अली सरकार व त्याचे सोबती यांना असें पाठविण्यांत आलें. जानेवारी १९५२ मध्यें सुप्रीम कोर्टानें बहुमतानें निर्णय दिला कीं, घटनेच्या चौदाव्या कलमापुढें हें टिकत नाहीं. वर्गवारी करावयाची तर ती हेतूला धरून व समंजस असली पाहिजे. कोणता माणूस कोठें पाठवावा हें लहरीवर सोडतां येत नाहीं. त्याच वर्षीं सौराष्ट्रांतील तशाच एका कायद्याला कोर्टानें उचलून धरलें, कारण तेथें ठराविक प्रदेशांतील ठराविक जातीच्या अपराधांपुरतीच योजना होती. दोन निकाल शेजारीं ठेवून वाचले म्हणजे रेषा कोठें आहे तें दिसतें.

सरकारचा हात असा अडला. पण खुद्द सुप्रीम कोर्टानेंच रकाना बदलला तर? हा प्रश्न मुंबईंत उद्भवला. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांच्यावरील लांचलुचपतीचा खटला १९५२ च्या कायद्याप्रमाणें स्पेशल जज्जापुढें होता. असे खटले स्पेशल जज्जांनींच चालवावेत, असे त्या कायद्याचे शब्द होते. काम रेंगाळलें म्हणून १९८४ च्या फेब्रुवारींत सुप्रीम कोर्टाच्या पांच न्यायमूर्तींनीं तें उचलून मुंबई हायकोर्टाकडे दिलें आणि तेथील न्यायमूर्तीनें तें रोजच्या रोज चालवावें असें सांगितलें. हेतु चांगला, कोर्ट वरचें, अनुभवी न्यायमूर्ति मिळणार. आरोपीची कुरकुर वरवर पाहतां चमत्कारिकच वाटे : मला लहान कोर्ट पाहिजे.

परंतु लहान कोर्टाबरोबर हायकोर्टाकडे अपील करण्याचा त्याचा हक्क होता, तो मोठ्या कोर्टानें गिळला होता. २९ एप्रिल १९८८ रोजीं सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनीं बहुमतानें आपल्याच कोर्टाचा चार वर्षांपूर्वीचा हुकूम चुकीचा ठरविला. खटला चालविण्याचा अधिकार कोणत्या कोर्टाला द्यावयाचा हें कायदेमंडळ ठरवितें; तें हायकोर्टाला ठरवितां येत नाहीं आणि सुप्रीम कोर्टालाहि नाहीं. हायकोर्टांत मध्यंतरीं झालेलें कामकाज रद्द झालें आणि खटला, ज्या स्पेशल जज्जाचें नांव कायद्याच्या रकान्यांत होतें, त्याच्याकडे परत गेला.